वीतभर वाघीण

मी एक जुनी वाघीण आहे. मित्रांनो, दचकू नका. मला पंजे नाहीत, शेपूट नाही आणि डरकाळी तर अजिबात नाही. रेल्वेच्या मालडब्याला आपल्या भाषेत वाघीण म्हणतात. मूळ शब्द परका, वॅगन. मालधक्क्यावरच्या हमालांनी तो इतका तोंडात घोळवला की त्याची वाघीण झाली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत.

त्यातही मी खरी वाघीण नव्हे. मी वाघिणीचा नमुना आहे, वीतभर लांबीचा. आणि मी जुनी तरी आहे का, याचीही मला शंका वाटते. माझा गंज रंगाचा आहे. माझी धूळ रंगीत खडूच्या भुकटीची आहे. माझ्या तळाच्या फळ्यांवरच्या चिरा टाचणीने ओढलेल्या आहेत. जन्मले त्याच दिवशी मी म्हातारी होते. जिने आयुष्यात पसाभर मीठसुद्धा वाहिले नाही, तिने आत्मवृत्त सांगायला बसावे का? मी पुष्कळ विचार केला. माझी थोरली बहीण, म्हणजे खरी वाघीण, केव्हाच भंगारात गेली. तिची गोष्ट सांगायला दुसरे कुणी उरले नाही. तेव्हा जमेल तसे सांगते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

थोरलीला मी पाहिलेले नाही, पण तिचे वर्णन मला तोंडपाठ आहे. ती तांबड्या रंगाची होती, वरून बंद, दोन्ही बाजूंना सरकती दारे. तिने सिमेंट वाहिले, धान्य वाहिले, एकदा तर नुसत्या खुर्च्या वाहिल्या. पण जास्त वाहिले ते मीठ. मिठाचा ओलावा तिच्या पोटात मुरला होता आणि त्यामुळे तिचा गंज आतून बाहेर आला होता. बाहेरून गंजलेला पत्रा खरबरीत होतो. आतून गंजलेल्या पत्र्यावर मात्र रंगाचे फोड येतात आणि मग पापुद्रे सुटतात. हे सगळे मला ज्यांनी शिकवले, त्यांनीच मला घडवले.

त्यांना यार्डात टकटके म्हणत. ते गाड्यांचे तपासनीस होते. लांब दांड्याची हातोडी घेऊन ते गाडीच्या कडेने चालत आणि प्रत्येक चाकावर टकटक करीत. चाक धड असेल तर ते खणखणते, तडा गेला असेल तर भद्द बोलते. टकटक्यांचा कान असा की चहा पिता पिता ते पलीकडच्या रुळावरचे चाक ओळखत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग बळकावला. त्यावर पकडी, कानशी, सुया, भिंगे आणि रंगाच्या बाटल्या मांडल्या. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी मनातल्या मनात काकू म्हणते, शेजारणीला सांगायच्या, "दुसऱ्यांचे नवरे निवृत्त होऊन घरी येतात. आमचे यार्डासकट आले."

माझे अंग पितळी पत्र्याचे आहे. थोरलीच्या पत्र्याला जोडाच्या ठिकाणी गोल डोक्यांचे रिव्हेट होते, म्हणून मलाही हवेत. टकटके पत्र्याच्या पाठीमागून बोथट सुई दाबत आणि पुढून मोहरीपेक्षा बारीक एक टेंगूळ उठे. मग दुसरे, मग तिसरे. एका ओळीत एक रिव्हेट जास्त झाला, तर त्यांनी अख्खा पत्रा फेकून दिला आणि दुसरा घेतला.

"आपल्या लग्नात माझी साडी कोणत्या रंगाची होती, सांगा बरं?" काकूंनी टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर भाजी चिरता चिरता विचारले.

"निळी."

"हिरवी होती. आणि डब्याचे खिळे मात्र पाठ."

"खिळे नाहीत गं, रिव्हेट."

"हो हो. हिरवे की निळे?"

टकटक्यांना हसू आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मला सांगायला हवे. मी त्यांच्या हातात कित्येक महिने होते. त्यांचा हात मऊ होता. माझ्या पोटात त्यांनी शिशाची पट्टी बसवली, कारण हलका नमुना रुळावर डुलतो आणि वळणावर उतरतो. माझ्या अंगाला तांबडा रंग देण्याआधी त्यांनी खालचा गंजाचा रंग दिला, त्यावर ओल्या बोटाने मिठाचे कण चिकटवले आणि मग वरून तांबडा मारला. वाळल्यावर ब्रशने मीठ झटकले, तर तेवढ्याच जागी रंगाचे पापुद्रे सुटल्यासारखे दिसू लागले. थोरलीला मिठाने खाल्ले, मला मिठाने नटवले.

नमुने करणाऱ्यांचा एक नियम आहे. वाघीण रोज बदलते. आज तिच्यावर सिमेंटची धूळ असते, उद्या ती धुऊन निघते. परवा कुठे धडकते आणि पोचा येतो. म्हणून "अमुक वाघिणीचा नमुना" एवढे म्हणून भागत नाही. ती वाघीण कोणत्या दिवशीची, हे आधी ठरवावे लागते. दिवस ठरवला नाही, तर सगळा नमुना खोटा पडतो.

टकटक्यांनी माझ्यासाठी जो दिवस निवडला, तो थोरलीच्या अपघाताचा दिवस होता.

"दुसरा दिवस नाही मिळाला?" काकू म्हणाल्या.

"त्या सकाळी मी तिला शेवटची नीट पाहिली. नंतर चौकशी, मग भंगार. डोळे मिटले की तीच सकाळ दिसते."

"मग उघडे ठेवा की डोळे."

त्या अपघाताबद्दल आता सांगायलाच हवे. यार्डात एक शंटर होता. डबे सोडवायचे, जोडायचे, या रुळावरून त्या रुळावर लावायचे, हे त्याचे काम. एका दुपारी त्याने थोरलीचा हातब्रेक ओढला आणि तिला मागच्या वाघिणीशी जोडण्यासाठी तो दोघींच्या मध्ये उभा राहिला. तिथे रुळाला थोडा उतार होता. थोरली मागे सरकली. शंटर डब्यांच्या टोकांना धक्का झेलणाऱ्या दोन बफरांच्या मध्ये सापडला आणि तिथेच गेला.

चौकशी झाली. शंटरच्या बायकोने सांगितले, "दुपारी जेवायला आले तेव्हा ते म्हणाले होते, एका वाघिणीला फुली मारून आलोय, तिचा ब्रेक धरत नाही." फुली म्हणजे काय, ते यार्डातल्या पोरासोरांनाही माहीत होते. ज्याला डब्यात बिघाड दिसेल, त्याने डब्यावर खडूने गोल काढून त्यात फुली मारायची. असा डबा आजारी समजायचा. तो बाजूला काढायचा, दुरुस्त करायचा आणि मग तपासनिसाने फुली पुसायची. पुसण्याचा हक्क फक्त तपासनिसाचा. पुसलेली फुली म्हणजे बरा झालेला डबा.

चौकशीत टकटक्यांना विचारले गेले, "त्या सकाळी वाघिणीवर फुली होती का?"

"नव्हती," ते म्हणाले.

मग ठरले की ब्रेक चांगला होता, शंटरनेच तो नीट ओढला नाही. मेलेला माणूस उलट बोलत नाही. कागदावर त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' असा शब्द लागला आणि तो कागदावरच राहिला नाही. शंटरला एक मुलगी होती. शाळेत तिला "बिनब्रेकवाल्याची पोर" म्हणून चिडवत. ती धावायला लागली की मागून मुले ओरडत, "बाजूला व्हा रे, हिला ब्रेक नाही!" मुलांना वाटले असेल, आपण गंमत करतो आहोत.

हे सगळे मला नंतर कळले. मी टेबलावर घडत होते, तेव्हा मला एवढेच कळे की आता रंग झाला, आता शिडी लागली, आता बफरांच्या तोंडाला वंगणाचा चमकता काळा ठिपका लागला. सगळे झाल्यावर टकटक्यांनी एक पांढरी पेन्सिल ब्लेडने सुईसारखी टोकदार केली. माझ्या डाव्या कुशीवर त्यांनी एक गोल काढला. त्यात फुली मारली. फुलीची शेवटची रेघ गोलाच्या बाहेर खाली ओढली. मग जवळजवळ कोरडा ब्रश घेऊन ती फुली आडवी फासली. बोटांचे चार फराटे उमटले, जणू कुणी घाईघाईत तळहाताने पुसून पुढे गेले असावे. एका रिव्हेटपायी पत्रा फेकून देणारा हा माणूस, पण हे करताना त्यांचा हात कुठे अडखळला नाही. ते विचार करीत होते असे मला वाटत नाही. हाताला आठवत होते आणि हात काढत होता.

"आता जिवंत झाली," असे म्हणून त्यांनी मला दिव्यासमोर धरले.

मग प्रदर्शन आले. एका मोठ्या सभागृहात टेबले मांडली होती आणि टेबलांवर रूळ, पूल, सिग्नल, इंजिने आणि माझ्यासारख्या वाघिणी. नमुनेकारांच्या मंडळाचे अध्यक्ष एक दातांचे डॉक्टर होते. ते दात तपासण्याचा छोटा आरसा घेऊन फिरत आणि नमुन्यांच्या पोटाखाली घालून बघत. माझे दार सरकवून ते म्हणाले, "आ करा. हं. दाढा उत्तम आहेत." आजूबाजूचे हसले. मग त्यांनी माझी डावी कूस पाहिली आणि हसायचे थांबले.

"ही पुसलेली खूण काय सुरेख उतरलीय हो! हे कुठून सुचलं?"

"सुचलं नाही डॉक्टर, पाहिलं," टकटके छाती काढून म्हणाले. "यात कल्पनेचं बोटभरही नाही. त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच केलंय."

डॉक्टरांनी माझ्यापुढे 'पहिला क्रमांक' असे लिहिलेली चिठ्ठी ठेवली. शेजारीच टकटक्यांच्या हस्ताक्षरातली दुसरी चिठ्ठी होती. तिच्यावर माझा, म्हणजे थोरलीचाच, नंबर आणि "अपघाताच्या दिवशी, सकाळची स्थिती". मित्रांनो, कौतुक कुणाला नको असते? मीही फुगले. खोटे कशाला बोलू?

त्याच वेळी एक बाई शिडीवर चढून सभागृहाच्या दारावर प्रदर्शनाचा फलक बांधत होती. ती पाट्या रंगवण्याचे काम करी. सगळे तिला पाटीवाली ताई म्हणत. एक दोरी बांधून झाल्यावर ती दुसरी दोरी शोधायला आत आली आणि जाता जाता तिने माझा नंबर वाचला. ती थांबली. तिने चिठ्ठी वाचली. मग ती वाकली आणि माझ्या कुशीकडे इतका वेळ बघत राहिली की टकटके खूश होऊन पुढे आले.

"बघा ताई, बघा. फक्त हात लावू नका."

"हे तुम्ही केलंत, काका?"

"मग! कित्येक महिने लागले."

"आधी गोल काढलाय, मग फुली. आणि शेवटची रेघ खाली ओढलीय."

"अगदी बरोब्बर! तशीच होती ती. पाट्या रंगवता ना, म्हणून नजर आहे तुम्हांला."

"आमच्या घरी याला पतंग म्हणायचे," ती म्हणाली. "आई चिडवायची, यार्डात फुल्या मारता की पतंग उडवता? बाकीचे सगळे सरळ फुली मारायचे. शेपूटवाली फक्त माझ्या बाबांची. याच डब्याच्या धक्क्यात गेले ते."

टकटक्यांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण त्याच्या मागे कुणी नव्हते. दार उघडे आणि घर रिकामे असावे तसे.

"चौकशीत तुम्ही सांगितलंत, फुली नव्हती."

"ताई, हे बघा, खूप वर्षं झाली..."

"मला एवढंच कळत नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली, "की बाबांनी सकाळी स्वतः फुली मारली, तर दुपारी त्याच वाघिणीच्या मागे ते उभे कसे राहिले? आई म्हणायची, विसरले असतील. आता कळलं. विसरले नव्हते. त्यांनी पुसलेली फुली पाहिली. म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला, असं धरून चालले. पुसायचा हक्क कुणाला होता, काका?"

टकटके माझ्याकडे बघू लागले, जणू मीच काहीतरी सांगून टाकले होते. खरे तर मी सांगितलेच होते.

"ही आपली... कल्पना आहे," ते म्हणाले. "शोभेसाठी."

"अहो, असं कसं?" डॉक्टर मध्येच बोलले. त्यांना भांडण कळत नव्हते, पण नियम कळत होता. "आत्ताच म्हणालात ना, कल्पनेचं बोटभरही नाही?"

"मला बाकी काही नको," पाटीवाली म्हणाली. "आई आहे अजून. तिच्यासमोर या आणि चार लोकांत एकदा म्हणा, फुली होती. बास."

आता तिथे माणसे जमली होती. डॉक्टरांना घाम फुटला. दाताचे मूळ सापडेना की ते जसे कपाळ पुसत असतील, तसे त्यांनी पुसले. मग त्यांना वाट सापडली.

"चौकशीत अधिकृतपणे काय ठरलं होतं?"

"फुली नव्हती," टकटके म्हणाले.

"मग प्रश्न मिटला! खऱ्या वाघिणीवर नव्हती आणि नमुन्यावर आहे, म्हणजे ही नमुन्यातली चूक. बरोबर? चूक असली तर गुण कापावे लागतील, त्याला माझा नाइलाज आहे."

"चूकच आहे," टकटके म्हणाले. "वय झालं. हात घसरला."

मित्रांनो, माझ्या अंगावर खऱ्याची खूण एवढी एकच होती. बाकी गंज खोटा, धूळ खोटी, वंगण खोटे. आणि नेमकी तीच सर्वांच्या देखत चूक ठरली. जो माणूस एका रिव्हेटची चूक सहन करत नव्हता, त्याने ती आनंदाने कबूल केली. वाघीण म्हणवून घेणारी मी मुकाट उभी होते. पितळेला तोंड नसते.

"डॉक्टर," पाटीवाली म्हणाली, "किडलेला दात समोर दिसला आणि कागदावर तो चांगला असला, तर तुम्ही काय करता?"

"बाई, हे दातांचं नाही हो. हे नियमांचं आहे."

त्यांनी माझ्यापुढची चिठ्ठी उचलली आणि शेजारच्या वाफेच्या क्रेनपुढे ठेवली. "दुरुस्त करून पुढल्या वर्षी आणा," ते टकटक्यांना समजुतीने म्हणाले. पाटीवालीने शिडी खांद्यावर घेतली आणि ती निघून गेली. दारावरचा फलक एकाच दोरीवर वाकडा लोंबत राहिला. दिवसभर लोक त्याच्याखालून वाकून आत येत होते.

घरी आल्यावर टकटक्यांनी कोटही काढला नाही. ते सरळ टेबलाशी बसले, त्यांनी कापसाचा बोळा रंग काढायच्या द्रावणात बुडवला आणि माझ्या कुशीवर घासला. फुली गेली. पण ती एकटी जाईना. तिच्याबरोबर खालचा तांबडा रंग गेला, त्याच्या खालचा गंजाचा रंग गेला. ते घासत राहिले आणि पिवळाधमक धातू दिसू लागला.

'पितळ उघडे पडणे' हा वाक्प्रचार तुम्ही शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिला असेल. माझ्या बाबतीत तो शब्दशः घडला.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. प्रदर्शनात त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग बोळ्याकडे.

"तेव्हाही असंच पुसलंत का हो?"

टकटक्यांनी बोळा खाली ठेवला. मग बोलू लागले ते थांबेनात. "यार्ड तुंबलं होतं. फोनवर फोन येत होते, ती गाडी काढा, ती गाडी काढा. ब्रेक थोडासा ढिला होता. आजारी म्हणून बाजूला काढली असती तर सगळी रांग अडकली असती. संध्याकाळी बघणार होतो मी. संध्याकाळी बघायचं ठरवलंच होतं. मला काय ठाऊक की तोच माणूस, तीच वाघीण..."

"आणि चौकशीत?"

टकटके उठले आणि ब्रश धुवायला गेले. त्या दिवशी त्यांनी एकही ब्रश वापरला नव्हता.

काही दिवसांनी काकूंनी मला एका रुमालात गुंडाळले, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवले आणि त्या बसने पाटीवालीच्या घरी गेल्या. दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत रंगाचा वास आणि वाळत टेकवलेल्या पाट्या. एकीवर 'कुत्र्यापासून सा' इतकेच लिहून झाले होते. आतल्या खोलीत तिची म्हातारी आई शेंगा सोलत बसली होती.

"वहिनी, ओळखलंत?"

"कोपऱ्यातल्या क्वार्टरमधल्या ना तुम्ही? केस पांढरे झाले की तुमचे. बसा."

काकूंनी रुमाल सोडला आणि मला शेंगांच्या टरफलांशेजारी ठेवले. "फुली होती, वहिनी. ह्यांनी पुसली. तेव्हाही आणि आताही."

म्हातारीने मला उचलून बघितले. "एवढीशी?" ती म्हणाली. मग माझ्या उघड्या पितळेवरून तिने अंगठा फिरवला आणि मला खाली ठेवले. "मला हे सांगायला एवढ्या लांब आलात?"

"तुम्हांला कळायला हवं म्हणून."

"मला ठाऊकच होतं. ते ताटावर बसून बोलले माझ्याशी. ब्रेकनं धरलं नाही आणि चौकशीत माझं बोलणं कुणी धरलं नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा ना. त्या हॉलात सांगा. यार्डाच्या ऑफिसात सांगा."

काकू पदराशी चाळा करीत पाटीवालीकडे वळल्या. "ताई, तुमचा हात चांगला आहे. तुम्हीच काढा ना ती परत हिच्यावर, होती तशी."

"मी काढली तर ती पाटी होईल, काकू," ती म्हणाली. "तुमच्या घरच्यांच्या हातून आली होती, म्हणून ती साक्ष होती."

काकूंनी रुमालाची घडी घातली.

"मी कुठे जाऊन सांगू हो?" काकू म्हणाल्या. "नवरा आहे माझा तो."

"माझाही नवराच होता," म्हातारी म्हणाली.

काकू मला न घेताच गेल्या. तेव्हापासून मी इथे आहे, खिडकीपाशी, रंगाच्या डब्यांच्या रांगेत. माझ्या खोट्या धुळीवर आता खरी धूळ बसते. उघडी पडलेली जागा काळी पडत चालली आहे. पितळेचा तो धर्मच आहे.

काकू मधूनमधून येतात. बोलत नाहीत फारसे. म्हातारीसमोर बसून शेंगा सोलू लागतात आणि म्हातारीही त्यांना नको म्हणत नाही. गेल्या खेपेला मात्र त्या येऊन उभ्याच राहिल्या.

"ह्यांनी दुसरी केली," त्या म्हणाल्या. "तीच वाघीण, पुन्हा नव्याने. पहिला नंबर आला."

"फुलीचं काय केलं?" पाटीवालीने विचारले.

"फुली नाही. दिवस बदलला. आदल्या दिवसाची केली."

म्हातारीने हातातली शेंग खाली ठेवली आणि ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिले.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आदल्या दिवशी सगळं ठीकच होतं."

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू गोष्ट संपवताना तुमच्याकडे काहीतरी मागत असतो. आम्हांला पुसत जा, तेल देत जा, भंगारात घालू नका. मला यातले काही मागावेसे वाटत नाही. माझ्यावर धूळ बसली तर बसू दे. मला भंगारात घातले तरी एका वीतभर पितळेने कुणाचे काय बिघडणार आहे?

पण तुमच्यातले कुणी उद्या चाके तपासतील. कुणी पूल तपासतील, कुणी औषधे, कुणी शाळेची इमारत. तुमच्याआधी कुणीतरी मोडक्या जागेवर फुली मारून ठेवलेली असेल. त्या दिवशी तुम्हांला घाई असेल, मागून फोन येत असतील, आणि तुम्ही वाईटही नसाल. फुली खडूची असते. ती तळहाताने पुसली जाते, एक क्षणही लागत नाही. ब्रेकला मात्र पाना लागतो, वंगण लागते, गुडघे टेकून डब्याखाली वाकावे लागते. आधी वाका. फुली मग पुसा. कारण दुपारी कुणीतरी जेवून कामावर परत येणार असतो, आणि ती पुसलेली जागा पाहून तो निर्धास्तपणे तुमच्या वाघिणीमागे उभा राहणार असतो.